सागरतळाचे प्रस्तरभंग : प्रतिध्वनीने काढलेला नकाशा

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या भूगोलाच्या पुस्तकात एक वाक्य असते. सह्याद्रीच्या पश्चिमेकडील भूभाग प्रस्तरभंगामुळे खचून अरबी समुद्रात बुडाला आणि म्हणून सह्याद्रीचा कोकणाकडील उतार कड्यासारखा तुटला आहे. हे वाक्य शाळेत असताना मी पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि त्याचे गुणही मिळवले. परंतु बुडालेला तो तुकडा कोणी पाहिला, तो कोठे आहे आणि किती खोल आहे, हे त्या वाक्यात नव्हते. कॉलेजात आल्यावर आमच्या भूगोलाच्या सरांना मी हा प्रश्न विचारला. ते हसून म्हणाले, "अरे, पाहिला कोणीच नाही. तो ऐकलाय." प्रस्तुत लेख म्हणजे या एका शब्दाचा मी केलेला पाठपुरावा आहे.

कोणी म्हणेल, कला शाखेच्या विद्यार्थ्याने या तांत्रिक विषयात कशाला शिरावे? याचे पहिले उत्तर असे की मी मुळशीचा आहे. आमच्याकडे सह्याद्रीचा कडा हे सहलीचे ठिकाण नसून तो आमच्या इतिहासाचा भाग आहे. मुळा नदीचे पाणी सरळ गेले असते तर भीमेला, कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात पोचले असते. टाटांच्या कंपनीने ते अडवले, डोंगरातून पश्चिमेकडे वळवले आणि कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडले. १९२७ पासून ती वीज मुंबईला जाते. त्यासाठी मावळातली गावे व भातखाचरे पाण्याखाली गेली. १९२१ साली रामनवमीच्या दिवशी मुळशी सत्याग्रह सुरू झाला आणि पांडुरंग महादेव बापट हे 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. हे सगळे आपण जाणतोच. पण येथे एवढी उंच भिंत नसती, तर पाण्याला एवढी पडण्याची उंची मिळाली नसती आणि कंपनीची नजरही आमच्या खोऱ्याकडे वळली नसती. तेव्हा ही भिंत कशी झाली हा प्रश्न मुळशीच्या माणसाने विचारण्यात गैर काहीच नाही.

या भिंतीबद्दल विद्वानांची मते एकसारखी नव्हती. जुन्या भूशास्त्रज्ञांपैकी काहींना ती समुद्राच्या लाटांनी कोरलेली कडा वाटली, म्हणजे एके काळी समुद्र ताम्हिणीच्या पायथ्याशी आपटत होता असे त्यांचे म्हणणे. दुसरे मत आपल्या पुस्तकातले, म्हणजे जमीन येथेच तुटली आणि पश्चिमेचा भाग खाली गेला. तिसरे मत असे की जमीन तुटली खरी, पण येथे नव्हे. ती पुष्कळ पश्चिमेला, आज जेथे समुद्र आहे तेथे तुटली, आणि नंतर कोट्यवधी वर्षांच्या पावसाने व ओढ्यांनी झिजत झिजत ही कडा मागे, पूर्वेकडे सरकत आली. नदीवरचा धबधबा जसा हळूहळू उगमाकडे सरकतो, तसेच हे.

या वादात एक महत्त्वाचे निरीक्षण पनवेलच्या परिसरातले आहे. देशावर काळ्या दगडाचे थर जवळजवळ आडवे असतात, आपल्या डोंगरांना पायऱ्या पायऱ्यांचा आकार येतो तो त्यामुळेच. पण कोकणात उतरून पनवेलच्या बाजूला गेले की तेच थर पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कललेले दिसतात. गोधडीची कड पलंगावरून खाली लोंबावी तसे ते वाकलेले आहेत. या वाकाला भूशास्त्रात 'पनवेल फ्लेक्सर' म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील जॉन बिकनेल ऑडन यांनी १९४९ साली त्याची चर्चा केली. इंग्रजी विषयाच्या मित्रांना येथे थोडे थांबवतो. हे ऑडन म्हणजे कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे थोरले बंधू. कवीने व इशरवुड यांनी मिळून लिहिलेले 'द असेंट ऑफ एफ सिक्स' हे गिर्यारोहणावरचे नाटक याच भावाला अर्पण केले आहे. एक भाऊ कवितेच्या ओळी लिहीत होता आणि दुसरा कोकणातल्या दगडांच्या ओळी मोजत होता. असो.

थर समुद्राकडे वाकत गेले आहेत, हे एकदा मान्य केले की पुढचा पुरावा समुद्राखालीच शोधावा लागणार. तेथे हातोडा घेऊन जाता येत नाही. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे आणि तिच्यावर जाड गाळ साचला आहे. पाणी शंभर मीटरांच्या आतबाहेर असले तरी खालचा गाळ काही ठिकाणी किलोमीटरांनी मोजावा लागतो. म्हणून प्रतिध्वनीचा मार्ग.

प्रतिध्वनीचे तत्त्व आपल्या सगळ्यांच्या परिचयाचे आहे. ताम्हिणी घाटात समोरच्या कड्याकडे तोंड करून हाक मारावी. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. हाक जर बरोबर एका सेकंदाने परत आली, तर ती जाऊन-येऊन ३४० मीटर चालली, म्हणजे कडा १७० मीटरांवर आहे. पाण्यात ध्वनी याहून कितीतरी वेगाने, सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. १९१२ साली टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळून बुडाल्यावर समुद्रात प्रतिध्वनीने अडथळे ओळखण्याच्या प्रयत्नांना जोर आला आणि १९१४ साली रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी आपल्या यंत्राने हिमनगावरून परत आलेला ध्वनी प्रत्यक्ष पकडला.

परंतु तळाची खोली कळणे वेगळे आणि तळाच्या खालचे कळणे वेगळे. ध्वनी तळावर आदळला की सगळाच परत येत नाही. काही भाग खाली, गाळात शिरतो. पुढे मऊ गाळ संपून घट्ट गाळ लागला की तेथून थोडा परततो, उरलेला आणखी खाली जातो. चुनखडक लागला, पुन्हा थोडा परततो. दोन थरांच्या घनतेत आणि त्यांतल्या ध्वनीच्या वेगात जितका फरक जास्त, तितका प्रतिध्वनी जोरकस. अशा रीतीने एका हाकेला अनेक उत्तरे येतात, एकामागून एक, वरच्या थराचे आधी आणि खालच्याचे नंतर. जमिनीवर हा प्रयोग जॉन क्लॅरेन्स कार्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ओक्लाहोमा येथे केला तो १९२१ साली. आमच्याकडे सत्याग्रही बांधकामावर ठाण मांडून बसले होते, त्याच वर्षी.

आता थोडा हिशेब करू. समजा पाणी ७५ मीटर खोल आहे. ध्वनीला जाऊन-येऊन १५० मीटर जावे लागेल, म्हणजे तळाचे उत्तर ०.१ सेकंदाने येईल. त्यानंतर एक ठळक उत्तर ०.९ सेकंदाला आले. मधले ०.८ सेकंद ध्वनी गाळात होता, त्यापैकी निम्मा वेळ जाण्यात गेला. गाळातला वेग सेकंदाला २००० मीटर धरला तर तो थर तळाखाली ८०० मीटरांवर आहे. पण वेग २५०० धरला तर तोच थर १००० मीटरांवर जातो! म्हणजे घड्याळ कितीही अचूक असले तरी थरातला वेग ठाऊक नसेल तर खोलीत दोनशे मीटरांची चूक होऊ शकते. या शास्त्राची खरी अडचण येथे आहे, आणि म्हणूनच कोठेतरी एखादी विहीर खोदून थर प्रत्यक्ष मोजल्याखेरीज नकाशा पक्का झाला असे मानत नाहीत.

प्रत्यक्ष सर्वेक्षणात हाक मारण्याचे काम पूर्वी सुरुंग करीत. पुढे एअरगन आली. ही तोफ म्हणजे वातावरणाच्या सुमारे १४० पट दाबाने कोंडलेली हवा. ती पाण्यात एकदम सोडली की मोठा बुडबुडा फुटतो आणि धक्का खाली जातो. ऐकण्याचे काम जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या लांब केबलचे. तिला स्ट्रीमर म्हणतात. तिच्या आत ओळीने हायड्रोफोन म्हणजे पाण्यात ऐकणारे कान बसवलेले असतात. केबल सहा किलोमीटर लांब आणि साडेबारा मीटरांवर एक कान-समूह असे धरले तर ४८० समूह झाले. जहाज ताशी नऊ किलोमीटरांच्या सुमाराने, म्हणजे माणसाच्या भरभर चालण्यापेक्षा थोडे जास्त, चालते. दर दहा सेकंदांनी तोफ उडते आणि तेवढ्यात जहाज २५ मीटर पुढे गेलेले असते.

एवढे कान कशाला, असे वाचकांस वाटेल. कारण खोलातून येणारे उत्तर फारच क्षीण असते. लाटांचा आवाज, जहाजाच्या यंत्राचा आवाज यांत ते हरवून जाते. म्हणून तळाखालचा एकच ठिपका निरनिराळ्या कोनांतून अनेकदा ऐकतात. वरच्या आकड्यांप्रमाणे एकेक ठिपका १२० वेळा ऐकला जातो. या १२० नोंदी वेळेचा फरक दुरुस्त करून एकावर एक रचतात. खरे उत्तर प्रत्येक नोंदीत त्याच जागी असल्याने ते वाढत जाते आणि गोंगाट प्रत्येक वेळी वेगळा असल्याने एकमेकांना मारतो. गोंगाटाच्या मानाने उत्तर जवळजवळ अकरा पट स्पष्ट होते. आमच्या गावच्या सप्ताहात हेच घडते. भजनात पन्नास माणसे एक ओळ गातात, एखादा बेसूर असतो, कोणी खोकतो, लहान मूल रडते, तरी बाहेर रस्त्यावर ऐकू येते ती ओळच.

जहाज सरळ रेषेत जाते आणि त्या रेषेखालचा एक उभा छेद कागदावर उतरतो. आडव्या बाजूला अंतर, उभ्या बाजूला वेळ. त्यात थरांच्या काळ्या-पांढऱ्या रेघा दिसतात. एखादी रेघ बरीच लांब चालत येते आणि एकाएकी तुटते. तुटलेले टोक पलीकडे शोधले तर ते खाली किंवा वर सापडते. तिच्या वरची व खालची रेघही त्याच तिरक्या ओळीवर तुटलेली असते. ही तिरकी ओळ म्हणजे प्रस्तरभंग. भेग स्वतः बहुधा उत्तर देत नाही. ती फार उभी आणि अरुंद असते, त्यामुळे तिच्यावरून परतणारा ध्वनी भलतीकडे जातो. तिची ओळख पटते ती तिने तोडलेल्या रेघांवरून. तुटलेल्या थराच्या टोकावरून ध्वनी सगळीकडे पसरतो आणि कागदावर छत्रीसारखी एक कमान उमटते. पूर्वी या कमानी हीच भेगेची खूण मानीत. आता गणकयंत्राने त्या मिटवून प्रत्येक ठिपका मूळ जागी नेऊन बसवतात.

येथे फसगतीच्या जागा फार आहेत. त्यातली एक सांगण्याजोगी आहे. समजा सपाट थराच्या वर एका बाजूला ३०० मीटर जाडीचा कठीण चुनखडक आहे आणि शेजारी तेवढ्याच जाडीचा चिखल आहे. चुनखडकात वेग ४००० धरू, चिखलात २०००. चुनखडकातून जाऊन-येऊन ०.१५ सेकंद लागतील, चिखलातून ०.३० सेकंद. खालचा थर वस्तुतः सरळ आहे. पण कागदावर चुनखडकाखालचा भाग १५० मीटर उचलल्यासारखा दिसेल! नवख्याने तेथे प्रस्तरभंग काढलाच म्हणून समजा. दुसरी फसगत म्हणजे तळ आणि पाण्याचा पृष्ठभाग यांच्यामध्ये ध्वनी चेंडूसारखा पुन्हा पुन्हा उसळतो आणि नसलेले थर दाखवतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ चिखलात तर कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांपासून झालेला वायू अडकलेला आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे भाग नोंदले आहेत. वायूच्या बुडबुड्यांत ध्वनी विरून जातो, आणि तेथे छेदात धुके पसरल्यासारखे दिसते. खाली काय आहे ते कळतच नाही.

आणखी एक मर्यादा आकाराची. खोलवर जाणारा ध्वनी जाड स्वराचा असावा लागतो, बारीक आवाज लवकर विरतो. सेकंदाला ३० कंपने आणि वेग २००० मीटर असेल तर एका लहरीची लांबी सुमारे ६७ मीटर होते. तिच्या चौथाईपेक्षा, म्हणजे सतरा मीटरांपेक्षा, थर कमी सरकला असेल तर तो सरकला हे ओळखणे अवघड. वरच्या चिखलातल्या लहान भेगा पाहायच्या तर बारीक आवाजाची वेगळी यंत्रे लागतात, आणि ती खोल पाहू शकत नाहीत. एकाच यंत्राने दोन्ही कामे होत नाहीत.

आता आपल्या समुद्राची हकीकत. १९६० च्या दशकात 'अकादमिक अर्खांगेल्स्की' या सोव्हिएत सर्वेक्षण-जहाजावरून सोव्हिएत व भारतीय तज्ज्ञांच्या पथकाने खंबायतच्या आखातात आणि मुंबईसमोरच्या समुद्रात प्रतिध्वनीच्या रेषा ओढल्या. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरांवर थर घुमटासारखे वर आलेले दिसले. पाणी तेथे ७५ मीटरांच्या आसपास. बरीच वर्षे हा घुमट कागदावरच राहिला. पुढे तेल व नैसर्गिक वायू आयोगाने जपानमध्ये बांधलेले 'सागर सम्राट' हे वेधनयान आणले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तेथे तेल लागले. १९७६ साली उत्पादन सुरू झाले. हेच 'बॉम्बे हाय', आजचे मुंबई हाय. तेल देणारा मुख्य थर मायोसीन काळातला चुनखडक आहे.

या घुमटाची रचना प्रस्तरभंगांच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्याची पश्चिमेची बाजू मंद उताराची आहे आणि पूर्वेची बाजू मोठ्या प्रस्तरभंगाने तुटलेली आहे. म्हणजे सगळे काही पूर्वेकडून पश्चिमेकडे सरळ उतरत गेलेले नाही, मध्येच एक ठोकळा उंच राहिला आहे आणि त्याच्या अलीकडे, मुंबईच्या बाजूला, खोलगट भाग आहे. त्या खोलगट भागात गाळ साचला, त्यात तेल तयार झाले आणि ते चढत चढत उंच ठोकळ्यात जाऊन बसले. भेग नसती तर ठोकळा उंच राहिला नसता. (या भागातल्या तेलक्षेत्रांची नावे पन्ना, मुक्ता, हिरा, नीलम, रत्ना अशी आहेत. नाव ठेवणारा रसिक असावा.)

तेलासाठी ओढलेल्या या रेषांनी आमच्या सह्याद्रीच्या प्रश्नालाही उत्तर दिले. किनाऱ्याशी साधारण समांतर, उत्तर-वायव्येकडून दक्षिण-आग्नेयेकडे जाणारे अनेक प्रस्तरभंग समुद्राखाली सापडले. त्यांना छेदणारे, नर्मदेच्या दिशेचे, असे दुसरेही आहेत. ठिकठिकाणी ठोकळे उठलेले, ठिकठिकाणी खचलेले. आणि त्यांच्यावर, गाळाखाली, तोच आपला काळा दगड! ताम्हिणीला जो पायाखाली असतो तोच तेथे समुद्राच्या व गाळाच्या खाली आहे. हा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. मादागास्कर भारतापासून त्याच्याही आधी, सुमारे पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वी अलग झाले. लाव्हा वाहिल्यानंतर थोड्याच काळात सेशेल्स बेटांचा तुकडा तुटून गेला. या ताणात जमिनीची कड फाटली, वाकली, खाली बसली.

मग पुस्तकातले वाक्य खरे की खोटे? माझ्या मते ते निम्मे खरे आहे. प्रस्तरभंग आहेत, जमीन बुडाली आहे. पण एकच मोठी भेग आणि तिच्या अलीकडे सह्याद्री उभा, पलीकडे समुद्र, असे चित्र त्यातून डोळ्यांसमोर येते ते बरोबर नाही. सह्याद्रीचा कडा किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर आत आहे आणि मोठे विभंग किनाऱ्याच्या बाहेर आहेत. मधले कोकण हे बरेचसे झिजेचे काम आहे. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांनी एक वाक्य वाढवले तर विद्यार्थ्यांवर फार भार पडणार नाही.

भेग सापडली म्हणजे भूकंप येणार असे मात्र नव्हे. ती जिवंत आहे की मेलेली हे ठरवावे लागते आणि येथेही छेदाचाच उपयोग होतो. भेगेने खालचे थर तोडले आहेत, पण वरचा थर तिच्यावरून अखंड गेला आहे, असे दिसले तर वरचा थर साचल्यापासून भेग हललेली नाही. त्या थराचे वय कळले की भेगेच्या झोपेचे वय कळते. याउलट भेग थेट तळापर्यंत आली असेल आणि तळावरच पायरी पडली असेल, तर ती अलीकडेच हललेली आहे. कधी कधी खालचा थर शंभर मीटर सरकलेला, वरचा साठ, त्यावरचा वीस असे दिसते. म्हणजे गाळ साचत होता आणि भेग अधूनमधून हलत होती.

याचे ठळक उदाहरण तुर्कस्तानातले आहे. १७ ऑगस्ट १९९९ रोजी इझमितला भूकंप होऊन हजारो माणसे गेली. त्या भूकंपात फाटलेली भेग पश्चिमेला मार्मारा समुद्रात शिरते आणि त्या समुद्राच्या काठी इस्तंबूल वसले आहे. पुढील दोन-तीन वर्षांत तेथे फ्रेंच व तुर्की शास्त्रज्ञांनी जहाजे नेली, तळाचे उंचसखल मोजले, छेद काढले आणि भेग शहराच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावरून जाते हे नकाशावर आखले. २३ एप्रिल २०२५ रोजी त्याच भेगेच्या पट्ट्यात ६.२ प्रतीचा भूकंप झाला. नकाशा कोठे हे सांगतो, केव्हा हे सांगत नाही.

आपल्याकडे अशी काळजी समुद्राची कमी आणि कोयनेची जास्त. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ प्रतीचा भूकंप झाला, सुमारे १८० माणसे मेली. माझी आजी सांगते की मुळशीतही मांडणीवरची भांडी वाजली आणि लोक अंगणात आले. तेव्हापासून आमच्या खोऱ्यात जुनी माणसे विचारतात की आपल्याही धरणाखाली तसेच काही आहे काय. कोयनेचे धरण १०३ मीटर उंच, आमचे त्याच्या सुमारे निम्मे. पाणी भरल्यावर दरवर्षी भूकंपांची मालिका चालू राहावी, असे सह्याद्रीत जे दिसते ते मुख्यत्वे कोयना-वारणेच्या लहानशा पट्ट्यातच. सगळ्याच तलावांखाली तसे होत नाही, कारण पाण्याच्या भाराला आणि झिरपण्याला प्रतिसाद देणारी, आधीच ताणलेली भेग खाली असावी लागते. कोयनेला ती शोधण्यासाठी केवळ प्रतिध्वनीवर भागले नाही. काळ्या दगडाच्या थरांवर थर असल्याने ध्वनी विखुरतो आणि खालचे अस्पष्ट होते. शेवटी केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडले, ते काम २०१७ साली पुरे झाले. तेथे काळा दगड सुमारे सव्वा किलोमीटर जाड निघाला आणि त्याखाली ग्रॅनाइटी जातीचा अतिप्राचीन खडक लागला. या प्रकल्पाची प्रयोगशाळा कराडला आहे. भूगोल विभागाची सहल महाबळेश्वरऐवजी एखाद्या वर्षी तेथे न्यावी अशी मी सरांना विनंती करणार आहे.

समुद्रातून येणारे संकट आपल्याला अगदीच अपरिचित नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्यासमोर, आज पाकिस्तानात असलेल्या भागात, मोठा भूकंप झाला. त्याची त्सुनामी मुंबईपर्यंत आली, सुमारे दोन मीटर उंचीची, आणि येथेही माणसे वाहून गेली. मकरानला अरबी समुद्राचा तळ आशियाखाली सरकतो. १९८० च्या सुमारास ब्रिटिश संशोधकांनी तेथे प्रतिध्वनीचे छेद काढले. नांगरासमोर माती दुमडत जावी तसा सुमारे सात किलोमीटर जाडीचा गाळ तेथे दुमडून भेगाभेगांनी रचला गेलेला दिसतो. आपल्या किनाऱ्यासमोरच्या भेगा जुन्या आणि बहुतांशी शांत, पण त्याच समुद्राच्या उत्तर टोकाची ही भेग जिवंत आहे. हैदराबादच्या केंद्रातून २००७ पासून त्सुनामीचा इशारा देण्याची सोय झाली आहे, तिच्या गणितात मकरानची जागा असते ती यामुळे.

शेवटी एक गोष्ट लिहितो, जी शास्त्राच्या पुस्तकांत क्वचित असते. सर्वेक्षणाचे जहाज मागे काही किलोमीटर लांबीची केबल ओढत असते. तिच्या वाटेत जाळे आले तर जाळेही तुटते आणि केबलही, म्हणून त्या टापूतून होड्यांना दूर राहायला सांगतात. ही सर्वेक्षणे पावसाळ्यात करता येत नाहीत, कारण खवळलेल्या समुद्राचा गोंगाट क्षीण उत्तरे बुडवून टाकतो. म्हणजे जहाजाला समुद्र हवा तो पावसाळ्यानंतरचा, शांत, आणि कोळ्यांनाही मासेमारीला तोच हवा. जून-जुलैत राज्यात मासेमारीला बंदी असतेच. उरलेल्या महिन्यांतले काही आठवडे असे गेले की घरखर्च कोठून निघायचा, शिवाय तोफेच्या आवाजाने मासळी पांगते ती वेगळीच, असे पालघर-रायगडकडच्या मच्छीमारांचे म्हणणे आहे आणि त्यासाठी ते नुकसानभरपाई मागत आले आहेत. मुळशीच्या माणसाला हे म्हणणे समजावून सांगावे लागत नाही. भरपाई किती, हे ठरवताना किती दिवस, किती होड्या आणि कोणत्या हंगामात याची नोंद सर्वेक्षणापूर्वीच गावागावात बसून झाली पाहिजे. जहाजावर दर दहा सेकंदांची नोंद ठेवणाऱ्यांना ती अवघड जाऊ नये.